चरबी उतरली की पेशीत शिरलीच नाही? बाळहिरड्याच्या अर्काचे एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून जागा, माणसे आणि मोजमापाचे आकडे बदलले आहेत. वाचनांचे आकडे कल आणि प्रमाण कळण्यापुरते घ्यावेत. कृती आणि मात्रा मात्र जशा वापरल्या जातात तशाच दिल्या आहेत.)

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळा. एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक सर आणि एक पेशीसंवर्धन कक्ष. यंत्रांत एक इन्क्युबेटर, एक प्लेट रीडर आणि उधारीवर मिळणारा प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक. विषय होता फॅटी लिव्हर. या आजाराचे वैद्यकीय नाव २०२३ मध्ये बदलून एमएएसएलडी झाले, पण बोलण्यात सगळे अजून जुनेच नाव घेतात.

वनस्पती निवडली बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात हा माल गोळा करून वाळवतात, म्हणजे नमुना थेट गोळा करणाऱ्याच्या हातून मिळतो आणि व्यापाऱ्याच्या भेसळीची धास्ती कमी. फांदी-पानांसह नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात ओळखून घेतला. हे काम नीट झाले होते.

अर्क असा काढला: ५० ग्रॅम भरड, ५०० मिली ७० टक्के इथेनॉल, ४८ तास भिजत, अधूनमधून हलवणे, गाळणे, रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांच्या आत आटवणे. सुका अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ प्रति मिली. प्लेटीच्या खणात (पेशी वाढवण्याच्या खळग्यात) २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली दिला तरी डीएमएसओ ०.२ टक्केच राहतो, आणि तेवढा नियंत्रण खणांतही (अर्क नसलेल्या, तुलनेच्या) घातला होता.

पेशी हेपजी२. यकृताच्या गाठीतून आलेला हा जुना वंश स्वस्त आहे, चिवट आहे आणि ओलेइक आम्ल दिले की एका दिवसात चरबीचे थेंब भरतो. औषधे पचवणारी त्याची एन्झाइमे मात्र खऱ्या यकृतपेशीच्या मानाने फारच कमी असतात.

चरबी भरण्याची पद्धत: सोडियम ओलिएट (ओलेइक आम्लाचा क्षार) १०० मिलिमोलर (३०.४ मिग्रॅ प्रति मिली), ७० अंशांवर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत. त्यातले अर्धा मिली, ३७ अंशांवर ठेवलेल्या ९.५ मिली १० टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) थेंबथेंब. बीएसए मेदाम्लमुक्तच हवे. साध्या बीएसएला आधीच मेदाम्ले चिकटलेली असतात. यातून ५ मिलिमोलर साठा मिळतो, ओलिएट आणि बीएसएचे प्रमाण साधारण साडेतीनास एक. मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या द्रवात) दहापट पातळ केला की ०.५ मिलिमोलर. चोवीस खणी प्लेट, खणात एक लाख पेशी, एक दिवस चिकटू द्यायच्या, मग ओलिएट आणि अर्क एकत्र २४ तास. हा ‘एकत्र’ शब्द लक्षात ठेवावा.

पहिला निकाल

चरबीच्या थेंबांना धरणारा ऑइल रेड ओ रंग, आयसोप्रोपॅनॉलने सोडवून ५१० नॅनोमीटरवर वाचन: नुसते बीएसए ०.१६, ओलिएट ०.५२, ओलिएटसोबत ५० मायक्रोग्रॅम अर्क ०.३८, १०० ला ०.२७, २०० ला ०.१९. मात्रेनुसार इतकी सुबक उतरण क्वचित दिसते. ट्रायग्लिसराइड किटनेही तोच उतार दाखवला. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी या पिवळ्या रंगाचे क्षपण करून तो जांभळा करतात) २०० मायक्रोग्रॅमलाही ९५ टक्के पेशी जिवंत. ‘तीन पद्धतींनी सिद्ध’ असे मसुद्यात लिहिले गेले. एका हर्बल उत्पादकाचा फोनही येऊन गेला: वेष्टनावर ‘लिव्हरसाठी’ असे छापता येईल का?

अडचण

मसुदा पाठवण्याआधी एक प्लेट पुन्हा लावली आणि २०० मायक्रोग्रॅमचे वाचन ०.१९ ऐवजी ०.२९ आले. आणखी एक लावली, पुन्हा तेच. ओलिएटचे नियंत्रण मात्र जागच्या जागी, ०.५१.

पहिला संशय पेशींच्या पॅसेजवर, म्हणजे त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या यावर, गेला. तो नेहमीच जातो, कारण तो सोयीचा असतो. नवी कुपी उघडली, फरक पडला नाही. मग विद्यार्थिनीने वहीत मीडियमच्या बाटल्यांचे क्रमांक पडताळले. जुनी बाटली आणि नवी बाटली, दोन्ही हाय ग्लुकोज डीएमईएम (एक नेहमीचे मीडियम), झाकणाचा रंगही तोच. पण नवीत १ मिलिमोलर सोडियम पायरुवेट होते, जुनीत नव्हते.

हिरड्यात गॅलिक आम्ल आणि त्याच्या नातलगांची रेलचेल. चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ल ही त्यातली मोठी टॅनिने, म्हणजे प्रथिनांना चिकटणारी तुरट संयुगे. गॅलिक आम्लासारखे रेणू डीएमईएममध्ये, पेशी नसतानाही, हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पायरुवेट ते पेरॉक्साइड गिळून टाकते. म्हणजे जुन्या बाटलीत पेशींवर अर्कापेक्षा पेरॉक्साइडचाच परिणाम होत असावा, आणि नवीत तो ओसरला. पण मग एमटीटीने ९५ टक्के जिवंत कसे दाखवले?

ते उत्तर अर्ध्या दिवसात मिळाले. पेशी न घातलेल्या खणात मीडियम, २०० मायक्रोग्रॅम अर्क आणि एमटीटी: तीन तासांत जांभळे. ५७० वर ०.३१, अर्काविना ०.०५. अर्क स्वतःच एमटीटीचे क्षपण करत होता. पेशी मरत होत्या आणि अर्क त्यांची हजेरी लावत होता.

समोरचे पर्याय

पहिला: पायरुवेटवाल्या बाटलीचे आकडे घेऊन मसुदा दुरुस्त करायचा आणि पाठवायचा. परिणाम थोडा कमी, पण आहेच. वेळ वाचतो आणि पाचव्या वर्षातल्या विद्यार्थिनीसाठी वेळ ही छोटी गोष्ट नाही.

दुसरा: सरांचा कल याकडे होता. यंत्रणा दाखवायची. एएमपीकेचा (पेशीची ऊर्जा घटली की जागे होणारे एन्झाइम) फॉस्फोरिलेशन ब्लॉट, चरबी बनवण्याशी संबंधित एसआरईबीपी-१सी आणि एफएएस या जनुकांची आरटी-पीसीआर. अशा लेखांत हे अपेक्षितच असते. अडचण अशी की पेरॉक्साइड आणि घटलेले एटीपी या दोन्हींमुळे एएमपीके जागे होते. पेशी नुसती आजारी असली तरी पट्टी गडद येईल. चाळीस-पन्नास हजारांची अँटिबॉडी आणून चौथी पद्धतही त्याच चुकीच्या बाजूला झुकली असती.

तिसरा: थांबायचे आणि एकच प्रश्न सोडवायचा. पेशीत चरबी कमी दिसते ती साठलेली जळाली म्हणून, पेशीच कमी झाल्या म्हणून, मोजमाप फसले म्हणून, की ओलिएट आत शिरलेच नाही म्हणून?

तिसरा निवडला, पण एकमताने नव्हे. विद्यार्थिनीचे म्हणणे होते, “सर, हे परीक्षकाने विचारलं तर आपल्याकडे उत्तर नाही.” सरांनी सहा आठवडे दिले, तेवढ्यात सुटले नाही तर पहिला पर्याय, असे ठरले. अशी मुदत आधीच ठरवणे शहाणपणाचे होते, नाहीतर नियंत्रणांची नियंत्रणे करत वर्ष निघून जाते.

काय केले

*रंगाची पद्धत.* ऑइल रेड ओचा साठा ०.३ टक्के, आयसोप्रोपॅनॉलमध्ये. वापराआधी तीन भाग साठा, दोन भाग पाणी, दहा मिनिटे स्थिर, मग ०.४५ मायक्रॉनची गाळणी. हे मिश्रण तासाभरातच वापरावे. नंतर लाल कण पडतात आणि छायाचित्रात ते थेंबांसारखेच दिसतात. ४ टक्के फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करून ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलने खळबळायचे, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, नाहीतर थेंब एकमेकांत मिसळतात. रंग पंधरा मिनिटे, पाण्याने धुणे पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग २५० मायक्रोलिटर शुद्ध आयसोप्रोपॅनॉलने दहा मिनिटे सोडवणे.

पहिल्या प्लेटांत कोऱ्या खणाचे वाचन वजाच केले नव्हते. प्लास्टिकही रंग धरते: पेशी नसलेला खण ०.०९ देत होता. शिवाय टॅनिन प्लास्टिकला चिकटते, म्हणून ‘पेशी नाहीत पण अर्क आहे’ असाही कोरा खण लागतो. ते वजा केल्यावर जुन्या बाटलीतले ओलिएट ०.४३, १०० ला ०.१८, २०० ला ०.१०.

*पेशींची मोजणी.* एमटीटी बाद. क्रिस्टल व्हायोलेटही नको, कारण टॅनिन हा अशा रंगांचा जुना रंगबंधक. रंगारी तो त्यासाठीच वापरतात. मग होख्स्ट ३३३४२ ने केंद्रके रंगवून, ऑइल रेड ओच्या आधी, त्याच खणाची पाच ठरावीक जागांची छायाचित्रे. जुन्या मीडियममध्ये १०० ला केंद्रके ८१ टक्के, २०० ला ५४ टक्के. आता दर पेशीमागे हिशेब केला तर घट १०० ला ४८ टक्के, २०० ला ५७ टक्के. ५८ आणि ७७ अशी दिसणारी सुबक उतरण जवळजवळ सपाट झाली. उरलेला उतार मेलेल्या पेशींचा होता.

*पेरॉक्साइडची खात्री.* जुन्याच मीडियममध्ये पेरॉक्साइड फोडणारे एन्झाइम कॅटलेज २०० युनिट प्रति मिली घातल्यावर २०० मायक्रोग्रॅमच्या खणांत केंद्रके ५४ वरून ८३ टक्क्यांवर आली. पण कॅटलेज हेही प्रथिन, त्याला टॅनिन धरू शकते. म्हणून वेगळ्या खणांत १ मिलिमोलर पायरुवेट घालून तेच पाहिले: ८५. इथून पुढच्या सगळ्या प्लेटा पायरुवेटवाल्या मीडियममध्ये.

*ट्रायग्लिसराइड किट.* ही किटे शेवटी पेरॉक्सिडेजवर चालतात: ट्रायग्लिसराइडपासून ग्लिसरॉल, त्यापासून पेरॉक्साइड, त्यापासून रंग. पॉलिफेनॉल मध्ये आले की वाटेतले पेरॉक्साइड खातात आणि रंग कमी येतो. पेशी धुतल्यावर पॉलिफेनॉल जाते असे सगळे धरून चालतात. टॅनिन जात नाही, प्रथिनाला चिकटून राहते. अर्क दिलेल्या पेशींच्या द्रावात मुद्दाम ठरावीक मानक मिसळले तर त्यातले ७८ टक्केच परत वाचले गेले. उपाय: चरबी आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ मध्ये काढून, मिठाच्या पाण्याने थर वेगळे करून, खालचा थर सुकवून मगच किट. ध्रुवीय टॅनिने वरच्या थरात राहतात. असे केल्यावर परतावा ९६.

गंमत अशी, की एमटीटी अर्काला निर्दोष ठरवत होता आणि ऑइल रेड ओ व किट त्याला गुणकारी ठरवत होते. तिन्हींच्या चुकांची कारणे वेगळी, पण तिन्हींचा कौल अर्काच्याच बाजूने. तीन पद्धती जुळल्या हा पुरावा इथे लंगडा होता.

*गढूळपणाची वाट, जी फसली.* पेशींविना मीडियममध्ये ओलिएट-बीएसए आणि २०० मायक्रोग्रॅम अर्क एकत्र ठेवला तर दहा मिनिटांत तांदळाच्या धुवणासारखी झाक आली. टॅनिन बीएसएला खाली बसवते, त्यासोबत ओलिएटही बसते, पेशीला मिळतच नाही: किती नेमके उत्तर! विद्यार्थिनी दोन दिवस याच आनंदात होती. पण वजनाचा हिशेब जुळत नव्हता. खणात बीएसए ९.५ मिग्रॅ प्रति मिली आणि अर्क ०.२ मिग्रॅ. तो सगळाच्या सगळा टॅनिन मानला तरी एवढ्या बीएसएचा किरकोळ भागच खाली नेईल. मीडियम सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीवर दहा मिनिटे फिरवून वरचे द्रव बाहेरच्या सुविधेत गॅस क्रोमॅटोग्राफीला दिले, सतरा कार्बनी मेदाम्ल आंतरिक मानक म्हणून घालून. ओलिएट ९४ टक्के जागेवरच होते. दिसणारी झाक आणि होणारा परिणाम यांचा संबंध नव्हता. ही चाचणी केली नसती तर चुकीचे कारण लेखात गेले असते, आणि ते पटलेही असते.

*क्रम बदलणे.* यावरच सगळे ठरले. तीन मांडण्या, एकाच दिवशी, एकाच प्लेटीत, १०० मायक्रोग्रॅम: (अ) पूर्वीप्रमाणे एकत्र, (आ) आधी अर्क एक तास, दोनदा धुणे, मग नुसते ओलिएट २४ तास, (इ) आधी ओलिएट २४ तास, धुणे, मग अर्क २४ तास. ‘इ’ मध्ये एक खाच आहे. ओलिएट काढल्यावर अर्क न देताही थेंब आपोआप घटतात. तुलना ‘ओलिएट, मग साधे मीडियम’ याच्याशीच व्हायला हवी, चोवीसाव्या तासाच्या वाचनाशी नव्हे. धन नियंत्रण (ज्याचा परिणाम दिसायलाच हवा असे) म्हणून ट्रायाक्सिन सी ५ मायक्रोमोलर. ते लांब साखळीच्या मेदाम्लांना कोएन्झाइम ए जोडू देत नाही, त्यामुळे नवे ट्रायग्लिसराइड बनत नाही आणि सुटलेले मेदाम्ल पुन्हा थेंबात जात नाही.

काय निघाले

‘अ’ मध्ये दर पेशीमागे घट ४६ टक्के. ‘आ’ मध्ये ४१. एक तास अर्क, तोही धुतलेला, आणि तरी पुढचे २४ तास परिणाम टिकतो! ‘इ’ मध्ये वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा केलेल्या प्रयोगांत ४, ११ आणि १९ टक्के. ट्रायाक्सिन सी तिन्ही वेळा स्पष्ट उतार देत होते, म्हणजे मांडणी आंधळी नव्हती.

शेवटचा दुवा वापरलेल्या मीडियममध्ये सापडला. खणात ओलिएट घातले होते २५० नॅनोमोल (०.५ मिलिमोलर, अर्धा मिली). चोवीस तासांनी अर्काविना खणांत उरले ११० च्या आसपास, अर्क एकत्र दिलेल्या खणांत १८०. अर्क चरबी जाळत असता तर पेशीत कमी झालेले ओलिएट बाहेर उरलेले दिसले नसते. ते बाहेरच होते. टॅनिने पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना चिकटून मेदाम्लाची आत येण्याची वाट अडवतात, हे सर्वांत साधे स्पष्टीकरण उरले. पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोनने (१०० मिग्रॅ, १ मिली पाणी, १ मिली जलीय अर्क, ४ अंशांवर १५ मिनिटे, मग फिरवणे) टॅनिन काढलेल्या अर्काचा परिणाम जवळपास गेला. ही भुकटी इतर पॉलिफेनॉलही धरते, म्हणून एकट्या या निकालावर काही म्हणता आले नसते. मीडियमच्या हिशेबासोबत मात्र तो बसला.

आता हे यकृताला लागू होते का? १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अर्क सगळाच चेब्युलॅजिक आम्ल मानला तर ते सुमारे १०५ मायक्रोमोलर. एवढा मोठा टॅनिन रेणू तोंडावाटे घेतल्यावर अखंड रक्तात फारसा पोचत नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात, एलॅजिक आम्ल सुटते, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे युरोलिथिन करतात. यकृतापर्यंत जातात ते हे लहान तुकडे, तेही बहुतांशी जोडसंयुगांच्या रूपात. हेपजी२ वर ओतलेले टॅनिन आणि माणसाचे यकृत यांच्यामध्ये अख्खे आतडे आहे.

मसुद्याचे शीर्षक बदलले. ‘चरबी कमी करणारा अर्क’ गेले, ‘टॅनिनयुक्त अर्क तपासताना येणारे मोजमापाचे दोष’ आले. छोट्या नियतकालिकाने दुसऱ्या फेरीत घेतले. उत्पादकाला लेखी कळवले की वेष्टनावर छापण्याजोगे यात काही नाही. त्याने दुसरीकडे विचारणा केली असे कानावर आले. ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ हे त्याचे वाक्य होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद त्याला माहीत होता, पण हिरड्याशी त्याचा संबंध काय, हा त्याचा प्रश्न. संबंध एवढाच, की यकृतासाठी विकायचे तर यकृतावरच तपासावे लागते.

पुन्हा करायचे तर

पहिली प्लेट लावण्याआधी अर्काचे एकूण फेनॉल मोजायला हवे होते. फोलिन पद्धतीला एक दुपार लागते. आकडा मोठा आला की एमटीटी तिथेच सोडून द्यायचे, मीडियममध्ये पायरुवेट आहे का हे पाहायचे आणि किट थेट द्रावावर लावायचे नाही. दारुहळद किंवा हळद असती तर काळजी वेगळी: बर्बेरिन आणि करक्युमिन दोन्ही पिवळे आणि स्वतःच चमकणारे, तेव्हा नाइल रेडसारख्या प्रतिदीप्ती रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. पालेभाजीसारख्या हिरव्या अर्कात क्लोरोफिल लाल चमकते.

‘इ’ मांडणी सुरुवातीलाच हवी होती. चरबी आधी, अर्क नंतर. फॅटी लिव्हरचा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा चरबी साठलेलीच असते. एकत्र देण्याची पद्धत लोकप्रिय आहे कारण तीत आकडे मोठे येतात.

तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. पहिल्या मसुद्यातली ‘एन बरोबर तीन’ ही एकाच प्लेटीतली होती. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलेली पुनरावृत्तीच मोजावी. ती सुरुवातीपासून केली असती तर बाटलीचा फरक वर्षभर आधी दिसला असता. आणि मीडियमचा फक्त ब्रँड नव्हे, कॅटलॉग क्रमांकही वहीत दर वेळी लिहावा. या प्रकरणात तो लिहिलेला होता, म्हणून सुटले.

एका निर्णयाबद्दल अजून मतभेद आहे. ‘इ’ मधले ४, ११, १९ सोडून द्यावेत का? सरांच्या मते हो. विद्यार्थिनीने टॅनिन काढलेला अर्क टाकून न देता उणे २० ला ठेवला आहे, आणि १० मायक्रोमोलर युरोलिथिन ए ची ‘इ’ मांडणीतली पहिली प्लेट परवा लागली आहे.